कपाळ, नाक, जबडा : सगळे एकाच भुलीत उरकावे का?

चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला खाजगी रुग्णालयात गेलेल्या पारलिंगी मुलीच्या हाती एक कागद येतो. त्यावर ओळीने कामे लिहिलेली असतात. कपाळाचे हाड मागे घेणे, केसांची रेषा खाली आणणे, भुवया उचलणे, नाक, वरचा ओठ, जबड्याचे कोपरे, हनुवटी, गळ्यातला कंठमणी. खाली एकूण रक्कम असते, आणि सगळे एकत्र केले तर थोडी सूट. मग समोरची व्यक्ती सहज म्हणून जाते, ‘‘एकदा भूल देतोच आहोत, तर सगळेच उरकून घ्या.’’

एकाच मांडवात दोन लग्ने लावली की खर्च वाचतो, हे आपल्याला लगेच पटते. त्यामुळे हे वाक्यही पटते. पण मांडव आणि शरीर यांचा हिशेब एक नाही. काही कामे एकत्र केली तर खरोखरच शरीराला कमी त्रास होतो. काही कामे एकत्र केली तर फक्त रुग्णालयाची सोय होते. कोणते कुठल्या गटात पडते ते समजल्याशिवाय कागदावर सही करू नये, एवढ्यासाठी हा लेख.

आपल्या वस्तीतही अशी लेक असते. कुणाच्या घरात राहते, कुणाच्या घरातून निघून गुरूकडे राहते. घरचे विचारतात, हे नटण्यामुरडण्यासाठी आहे का? नाही. लोकलच्या डब्यात, रेशनच्या रांगेत, नोकरीच्या मुलाखतीत माणसे आधी चेहरा वाचतात आणि मग बाकीचे ठरवतात. तो वाचला जाण्याचा रोजचा ताण ज्याने सोसला नाही त्याने त्याला हौस म्हणू नये. शस्त्रक्रिया करायची की नाही हा तिचा निर्णय. कशी करायची, यात मात्र घरच्यांचा हात लागतो, कारण नंतरचे पंधरा दिवस तिला कुणीतरी सांभाळायचे असते.

या शस्त्रक्रियांचा पाया अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद डग्लस ऑस्टरहाउट यांनी १९८० च्या दशकात घातला. कवटी आणि चेहऱ्याच्या हाडांवर काम करणारे हे डॉक्टर. पुरुषाचा आणि स्त्रीचा चेहरा हाडांत नेमका कुठे वेगळा असतो, हे त्यांनी कवट्यांचा संग्रह तपासून शोधले. मोठा फरक कपाळात निघाला. भुवयांच्या वरचा उंचवटा पुरुषांत पुढे आलेला असतो. त्याखालोखाल जबड्याचे कोपरे आणि हनुवटी. हार्मोनने त्वचा मऊ होते, गालावरची चरबी थोडी इकडेतिकडे सरकते, पण वयात येताना घडलेले हाड कुठल्याही गोळीने बदलत नाही. हार्मोन नुकतेच सुरू केले असतील, तर वर्ष-दोन वर्षांत चेहरा किती बदलतो ते आधी पाहावे. कागदावरच्या आठ ओळींतल्या दोन-तीन तेव्हा आपोआप गळूनही पडतात.

आता एकत्र काय करावे याकडे येऊ.

कपाळाचे काम करताना डोक्याच्या कातडीला एका कानाजवळून दुसऱ्या कानाजवळपर्यंत चीर देतात. ती केसांत असते किंवा केसांच्या रेषेवर. कातडी खाली ओढून हाड उघडे करतात. हाड जाड असेल तर वरून घासून चालते. पण त्या उंचवट्याच्या आत हवेची पोकळी असते आणि पुष्कळ जणींत तिची पुढची भिंत पातळ असते. ती घासत गेले तर भोक पडेल. म्हणून तो तुकडा कापून काढतात, आकार देतात आणि मागे सरकवून टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी बसवतात. कोणाला काय लागेल ते सीटी स्कॅनवर दिसते. सीटी स्कॅन न पाहता कुणी ‘नुसते घासू’ म्हणाले, तर तिथून उठावे.

याच चिरेतून केसांची रेषा खाली आणता येते आणि भुवयाही उचलता येतात. ही तीन कामे वेगवेगळ्या दिवशी करण्यात अर्थ नाही. तीच कातडी पुन्हा उघडायची, तेच व्रण पुन्हा कापायचे आणि डोक्याच्या कातडीचा बधिरपणा पुन्हा सोसायचा. कपाळ, भुवया आणि केसांची रेषा हा एक गट झाला.

नाक या गटाचे शेजारी आहे. कपाळ मागे गेले की नाकाचे मूळ होते त्यापेक्षा उंच दिसू लागते. आधी नाक करून घेतले आणि दोन वर्षांनी कपाळ केले, तर सुंदर झालेले नाक पुन्हा बेढब वाटू शकते. म्हणून नाक एक तर कपाळासोबत करावे, नाहीतर कपाळानंतर. आधी मात्र नाही. पैसे कमी आहेत म्हणून ‘आधी नाक तरी करून घेऊ’ असे पुष्कळ जणी ठरवतात, आणि तिथेच गणित चुकते.

जबडा आणि हनुवटी हा दुसरा गट. दोन्हीकडे तोंडाच्या आतून, गालाच्या आणि हिरड्यांच्या मधून जातात. बाहेर व्रण दिसत नाही. दोन्हींत खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जवळ असते, त्यामुळे ओठ आणि हनुवटी काही आठवडे, काही महिने बधिर राहतात. क्वचित कायमची. दोन्हींनंतर खाण्याचे पथ्य तेच. मग तोंड एकदाच उघडलेले बरे.

खरा पेच आहे तो वरचा आणि खालचा गट एकत्र करण्यात, आणि त्यातही नाक व जबडा एकाच दिवशी करण्यात. पूर्ण भुलीत श्वासासाठी नळी घालावी लागते. नाकाचे काम असेल तर नळी तोंडातून हवी. जबड्याचे काम तोंडाच्या आतून, तेव्हा नळी नाकातून असलेली बरी. दोन्ही एकाच दिवशी करायचे तर मध्येच नळी बदलावी लागते किंवा वेगळी वाट काढावी लागते. अनुभवी भूलतज्ज्ञ हे करतात. पण शस्त्रक्रिया संपल्यावर काय? नाक आतून सुजलेले, कधी पट्टीने बंद. तोंडही आतून सुजलेले, टाके घातलेले. जाग येते तेव्हा श्वास घेण्याच्या दोन्ही वाटा अरुंद झालेल्या असतात. कपाळाच्या सुजेने डोळेही दोन-तीन दिवस जवळजवळ मिटलेले. ती पहिली रात्र नुसत्या साध्या खोलीत काढायची नसते. रात्रभर नर्सचे लक्ष आणि अतिदक्षता विभाग हाताशी हवा.

संपूर्ण चेहरा एकदम केला तर आठ ते बारा तास जातात. जगात अनेक ठिकाणी निरोगी, तरुण व्यक्तींवर असे केले जाते आणि ते नीट पारही पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की ते कुठे, कोणाच्या हातून आणि कोणाच्या शरीरावर होते.

तास वाढतात तसा रक्तस्राव वाढतो, अंग गार पडते, आणि एकाच स्थितीत पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. अशी गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रीत हा धोका आधीच थोडा जास्त असतो. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून हार्मोन म्हणून घेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने गाठींचा धोका अधिक वाढतो. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवू नका. कोणती गोळी, दिवसाला किती, किती वर्षे, सगळे सांगा. शस्त्रक्रियेआधी हार्मोन थांबवायचे की नाही याबाबत डॉक्टरांची मते वेगळी असतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका. एचआयव्हीचे औषध चालू असेल तर तेही सांगा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने उपचारात भेदभाव करायला मनाई आहे.

आता विदर्भातल्या घरांसाठी फार महत्त्वाची गोष्ट. आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या कुटुंबांना हे सांगायला नको. पण मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत तीन पिढ्या झालेली कितीतरी घरे मूळ तिकडचीच आहेत, आणि त्यांतल्या मुलांची तपासणी झालेलीच नसते. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, अंगातले पाणी कमी होणे आणि प्राणवायू कमी पडणे या तिन्ही गोष्टी घातक. लांब शस्त्रक्रियेत नेमक्या याच तिन्ही गोष्टी घडू शकतात. रक्तपेशी वाकड्या होऊन अडकतात आणि तीव्र वेदनांचा झटका येतो, कधी त्याहून वाईट. म्हणून आधी सोल्युबिलिटीची साधी तपासणी करून घ्या. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून रुग्ण की वाहक ते ठरवून घ्या. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, तेव्हापासून सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणीवर भर आहे. फक्त वाहक असाल तर शस्त्रक्रिया सहसा होऊ शकते, पण भूलतज्ज्ञाला ते ठाऊक असले पाहिजे. सिकलसेलचा आजारच असेल, तर दहा तासांची शस्त्रक्रिया हा विचार माझ्या मते सोडून द्यावा. आजारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पुढे जावे, आणि जायचे ठरलेच तर छोट्या टप्प्यांनी.

दुसरी गोष्ट खर्रा, गुटखा आणि मिश्रीची. तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. चिरेच्या कडेच्या कातडीला रक्त पोचले नाही की ती काळी पडते, जखम उसवते, केस गळतात. निदान चार आठवडे आधीपासून आणि जखमा भरेपर्यंत पूर्ण बंद हवे. सिगारेटही त्यातच आली. सुपारीचा त्रास आणखी निराळा. वर्षानुवर्षे खर्रा खाल्ला की गाल आतून ताठ होतात आणि तोंड पुरते उघडत नाही. स्वतःच पाहा, आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील तर श्वासाची नळी घालणे अवघड जाते, आणि तोंडाच्या आतून जबड्याचे काम करणे त्याहून अवघड. पहिल्याच भेटीत तोंड उघडून दाखवा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे कळून उपयोग नाही.

शरीर तयार असले तरी घर तयार आहे का, हे विचारणारे कुणी नसते. रुग्णालयाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते : डोके उंच ठेवून झोपा, बर्फाचा शेक द्या, पातळ आहार घ्या, धूळ आणि ऊन टाळा. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, पोटमाळ्यावर झोपायची सवय, संडास गल्लीच्या टोकाला, फ्रीज शेजारच्यांकडे. अशा घरात डोळे सुजून मिटलेल्या मुलीला रांगेत कोण नेणार? पहिले चार दिवस तिच्याजवळ चोवीस तास माणूस हवा. आई कामाला जाते, बहीण कॉलेजला. गुरू किंवा मैत्रीण येणार असेल तर तिला आधीच तारीख सांगून ठेवा, आणि आयांनो, तिला घरात येऊ द्या.

जबड्यानंतर पहिले काही दिवस नुसते पातळ, मग दोन-तीन आठवडे मऊ. भाताची पेज, वरणाचे पाणी, नाचणीची आंबील, ताक, मिक्सरमधून काढलेली मूगडाळीची खिचडी, दुधात कालवलेले केळे. प्रत्येक वेळी खाल्ल्यावर चुळा भरायच्या, कारण टाके तोंडातच आहेत. मसाला आणि मिरची पूर्ण बंद. नुसत्या कपाळाचे काम असेल तर हे पथ्य लागत नाही, भाकरी खाता येते, आणि दीड-दोन आठवड्यांत ओढणी बांधून हलक्या कामाला बाहेर पडता येते. हा फरक पोटापाण्याच्या दृष्टीने लहान नाही. बधाईवर, पार्लरच्या कामावर किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या मुलीला महिनाभर एकदम घरी बसणे आणि दोन वेळा पंधरा-पंधरा दिवस बसणे, यांतले काय झेपते ते तिलाच ठाऊक.

पैशाचे बोलू. दोनदा केले तर थिएटरचे, भुलीचे आणि खाटेचे पैसे दोनदा लागतात, हे खरे. पण एकदम केले तर सगळी रक्कम एकदम उभी करावी लागते, आणि ती उभी करताना सावकाराचे जे व्याज लागते ते कागदावरच्या सवलतीला खाऊन टाकते. शिवाय ‘एकदाच’ याची हमी कुणी देत नाही. कुठे पट्टी टोचते, कुठे एक बाजू कमी-जास्त होते, नंतर छोटी दुरुस्ती लागते. जबड्याचे हाड कमी झाले की वरची कातडी कधी सैल पडते, तेव्हा आणखी एक काम निघते. हातातले सगळे पैसे पहिल्याच दिवशी संपवले तर दुरुस्तीला काही उरत नाही. दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे शस्त्रक्रियेआधी लेखी घ्या.

पारलिंगी व्यक्तींना शस्त्रक्रिया व हार्मोन उपचार मिळावेत, विमा मिळावा, अशी तरतूद २०१९ च्या कायद्यात केली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारतमध्ये पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाखांच्या संरक्षणाचा करार जाहीर केला. त्यासाठी पारलिंगी ओळखपत्र लागते. चेहऱ्याचे कोणते काम त्यात बसते आणि कोणते बसत नाही, ते दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घ्या. मर्यादा वर्षाची असल्याने, काम बसत असेल तर दोन टप्पे दोन वेगळ्या वर्षांत घेण्याचा विचार करता येतो. खाजगीचा कागद हाती असला तरी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात एकदा दुसरे मत घ्यावे. ते मत केसपेपरच्या पैशांत मिळते, आणि तिथल्या डॉक्टरला तुम्हाला काही विकायचे नसते.

माझे मत विचाराल तर आपल्यासारख्या घरांसाठी दोन टप्पे बरे. आधी कपाळ, भुवया, केसांची रेषा आणि झेपत असेल तर नाक. मग निदान सहा महिने थांबून, सूज पूर्ण उतरल्यावर आरशात पाहायचे. चेहरा वाचण्यातला मोठा वाटा कपाळाचा आणि डोळ्यांभोवतीच्या भागाचा असतो. तेवढे बदलल्यावर काहींना जबड्याची घाई वाटत नाही, काहींना हनुवटीच पुरते. एकदम सगळे केले तर हे पाहून ठरवण्याची संधीच जाते, कारण कापलेले हाड परत येत नाही.

उलट बाजूही आहे. जिला दोनदा सुट्टी मिळणारच नाही, जी दूरच्या गावाहून येते, जिला शेजाऱ्यांच्या नजरा दोनदा झेलायच्या नाहीत, जी निरोगी आहे, आणि जिच्या रुग्णालयात अनुभवी सर्जनचे पथक, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग आहे, तिने सगळे एकत्र करणे चूक नाही. तिने फक्त एवढे विचारावे : एकूण किती तास? शेवटच्या तासाला हात कोणाचा असेल? मध्येच रक्तदाब घसरला किंवा रक्त जास्त गेले तर तुम्ही तिथे थांबाल का, आणि उरलेल्या कामाचे पैसे परत मिळतील का? शेवटच्या प्रश्नावर जो डॉक्टर चिडतो तो नको.

दोन किरकोळ वाटणारी कामे बाकी राहिली. वरचा ओठ उचलण्याची चीर नाकाच्या अगदी खाली असते. नाक उघडून केले असेल तर त्याच जागेच्या कातडीचा रक्तपुरवठा दोन्हीकडून तुटण्याची भीती असते, म्हणून अनेक सर्जन ही दोन कामे वेगळी ठेवतात. कंठमणी कमी करण्याचे काम छोटे असते आणि ते कोणत्याही टप्प्यात बसते, पण त्याच कूर्चेच्या मागे स्वरतंतू जोडलेले असतात. जास्त कापले तर आवाज कायमचा बिघडतो. ‘पूर्ण सपाट करून टाका’ असा हट्ट धरू नका. आणि या कामाने आवाज बारीक होत नाही, तो सरावाचा भाग वेगळा. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी गालात, हनुवटीत सिलिकॉन टोचून घेण्याच्या वाटेला तर जाऊच नका. ते पसरते, सडते, आणि नंतर खऱ्या सर्जनलाही नीट काढता येत नाही.

घरी सोडल्यावर पहिला आठवडा रुग्णालयाच्या जवळच राहा. चंद्रपूरची मुलगी मुंबईत शस्त्रक्रिया करून तिसऱ्या दिवशी रेल्वेत बसते, हे धोक्याचे आहे. दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चालवा, पडल्या पडल्या पावले हलवायला सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुजलेला चेहरा पाहून पुष्कळ जणींना रडू येते, आपण काय करून बसलो असे वाटते. तेव्हा आरसा झाकून ठेवला तरी चालेल. पण चेहऱ्याची एकच बाजू अचानक फुगली, लाल रक्त थांबेना, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, एक पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले, ताप चढला किंवा नाकातून पाण्यासारखे पातळ काही सतत गळू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. रिक्षा करा, सुटीचा कागद सोबत घ्या आणि त्याच रात्री रुग्णालय गाठा.